पंखा फिरतो, पण भट्टी पेटत नाही

(दृश्य: पहाटेचं वाळवंट. दूरवर उभ्या मोटरहोमच्या रांगा.)

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं क्वार्ट्झसाइट गाव. जानेवारीची पहाट. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथल्या सरकारी जमिनीवर मोटरहोमवाले, म्हणजे चाकांवरच्या घरात राहणारे लोक, तळ ठोकून असतात. दिवसा ऊन छान असतं, पण सूर्य मावळला की वाळवंट झटकन निवतं. इथे विजेचा खांब नाही. गाडीत ऊब हवी असेल, तर भिस्त सिलिंडरमधल्या प्रोपेनवर आणि बॅटरीच्या बारा व्होल्टवर. फर्नेस, म्हणजे गाडी गरम करणारी गॅसची भट्टी, पेटली नाही की आधी गॅसवर संशय जातो, नाहीतर माणूस थेट नवीन सर्किट बोर्ड मागवतो. त्याआधी एक काम बिनखर्चाचं आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे हवं ते तापमान ठरवणारं बटण, वर करा आणि कान देऊन ऐका.

(आवाज: टिक्. पंखा सुरू होतो.)

थर्मोस्टॅटने ऊब मागितली की पहिल्यांदा ब्लोअर, म्हणजे फर्नेसचा पंखा, फिरतो. एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन चक्रं असतात. एक चक्र घरातली हवा खेळवतं, दुसरं बाहेरची हवा जळणासाठी आत ओढतं. या दोन हवा कधीच एकमेकींत मिसळत नाहीत, कारण ज्योत पत्र्याच्या बंद पेटीत जळते. ब्लोअरने वेग घेतला की सेल स्विच जोडला जातो. सेल म्हणजे शीड. हवेच्या झोताने मागे रेलणारी ही पत्र्याची चिमुकली पट्टी. मग साधारण पंधरा ते तीस सेकंद काहीच घडत नाही. पेटीतला उरलासुरला गॅस तेवढ्यात बाहेर फेकला जातो. त्यानंतर गॅस व्हॉल्व उघडल्याची टिकटिक, ठिणगीची चटचट, आणि भक्क करून ज्योत. पुढच्या सात-एक सेकंदांत बोर्डाला ज्योत जाणवली नाही, तर तो गॅस बंद करतो.

ही साखळी जिथे तुटली, तिथेच दोष शोधायचा.

(दृश्य: मल्टिमीटरचे प्रोब फर्नेसच्या तारांवर.)

सगळ्यात जास्त भेटणारी तक्रार म्हणजे पंखा फिरत राहतो आणि पुढे काहीच होत नाही. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं हातातलं यंत्र, डीसी व्होल्टवर लावा आणि ब्लोअर चालू असताना फर्नेसच्या तारांवरच मोजा. बॅटरीपाशी मोजून उपयोग नाही. ब्लोअर मॉडेलनुसार सात ते दहा अँपिअर ओढतो आणि तेवढ्या भारावर गंजलेला एक जोड पुरेसा असतो. बॅटरीपाशी १२.४ आणि फर्नेसपाशी ११ दिसले, तर मधल्या वाटेत व्होल्टेज गळतंय. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला की प्रत्येक जोड उघडायचा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तार तर नक्कीच, कारण तिच्या बोल्टखाली गंज असतो. तो घासून चकचकीत पत्रा दिसू द्या. साडेदहा व्होल्टच्या खाली ब्लोअर फिरेल, पण शीड मागे रेलणार नाही, म्हणजे पुढची पायरी येणारच नाही. पहाटे चारला बंद पडणारी आणि सकाळी सोलर चार्जिंग सुरू झाल्यावर मुकाट पेटणारी फर्नेस बिघडलेली नसते. तिची बॅटरी थकलेली असते. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. आठ अँपिअर ओढणारा ब्लोअर ती सहा-एक तासांत संपवतो.

व्होल्ट बरोबर असतील तर सेल स्विच. ब्लोअर चालू ठेवून स्विचच्या दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला बारा व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे तो जोडलेला नाही. स्क्रू काढून पट्टी बाहेर घ्या. कुत्र्याचे केस, गालिच्याचे धागे आणि धूळ यांनी ती जड झालेली सापडते. कोरड्या ब्रशने साफ करा, पट्टी वाकवू नका. बोटाने हलवल्यावर बारीक टिक् आवाज आला नाही तर नवीन बसवा. वस्तू स्वस्त आहे. काही जण इथे तार जोडून स्विच वगळतात आणि फर्नेस पेटली म्हणून खूश होतात. तसं अजिबात करू नका. झोत नसताना ज्योत पेटू न देणं हेच त्या पट्टीचं काम आहे. मोटर बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर तारा उलट्या लागल्यात का बघा. उलटा फिरणारा ब्लोअरही आवाज करतो, झोत मात्र देत नाही.

(दृश्य: गाडीच्या बाहेरची झडप. नळीत मातीचं घर.)

आता बाहेर या. हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी, अशा दोन नळ्या इथे दिसतील. त्यांत कुंभारमाशीने घर केलेलं असू शकतं. वाऱ्यापासून आडोसा असलेली, अंधारी नळी तिला फार आवडते. वाकडी तार आणि बाटली धुण्याचा ब्रश घेऊन माती बाहेर ओढा, आत ढकलू नका. उन्हाळ्यात नळ्यांवर बारीक जाळी बसवली, तरी ती त्या फर्नेससाठी बनवलेलीच हवी, नाहीतर हवाच अडते.

ठिणगी येते, पण ज्योत नाही? आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवा. सिलिंडर बदलल्यावर पाइपातली हवा तिथूनच निघून जाते. शेगडीची ज्योतही मिणमिणती असेल, तर सिलिंडरचा कॉक पूर्ण बंद करा, थोडं थांबा आणि अगदी सावकाश उघडा. झटक्यात उघडलं की सुरक्षेचा अडथळा आपोआप बसतो आणि गॅस जेमतेम येतो. तरीही शंका असेल तर दाब मोजावा. तो ११ इंच पाण्याचा हवा, म्हणजे पाण्याने भरलेल्या यू आकाराच्या नळीत सुमारे २८ सेंटिमीटरचा फरक.

थंडीत प्रोपेनच का, याचं कारण साधं आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतं, तर ब्युटेनची वाफ शून्याच्या जरा खालीच थांबते. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरात दोन्हींचं मिश्रण असतं.

दाब बरोबर असेल, तर ठिणगीच्या वेळी व्हॉल्ववर बारा व्होल्ट येतात का बघा. येत असूनही तो उघडत नसेल तर व्हॉल्व गेला. तो बदलतात, खोलत नाहीत. व्होल्टच येत नसतील तर संशय बोर्डावर. पण तो फेकण्याआधी फर्नेसची वीज बंद करून त्याचा कनेक्टर काढा आणि तांब्याच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासा. पुष्कळ 'मेलेले' बोर्ड एवढ्यानेच उठून बसतात.

ज्योत पेटून काही सेकंदांत विझते, तेव्हा बोर्डाला ती 'दिसत' नसते. ज्योतीतून वाहणारा अत्यंत क्षीण प्रवाह बोर्ड इलेक्ट्रोडमधून, म्हणजे ज्योतीतल्या धातूच्या टोकांमधून, वाचतो. काजळी, तडकलेलं चिनीमातीचं आवरण किंवा सैल अर्थ, यांपैकी काहीही झालं तरी तो हरवतो. टोकं बारीक पॉलिश पेपरने पुसा आणि त्यांच्यात तीन मिलिमीटर अंतर ठेवा.

(दृश्य: नट सोडवायचे दोन पाने. एक धरलेला, एक फिरणारा.)

फर्नेस बाहेर काढावी लागली, तर सिलिंडर बंद करा आणि बॅटरीची तार काढा. गॅसचा जोड दोन पान्यांनी सोडवा, एकाने धरा आणि दुसऱ्याने फिरवा. परत जोडताना फ्लेअर जोडावर, म्हणजे नळीचं पसरट तोंड नटाने दाबून बसवलेल्या जोडावर, टेप किंवा पेस्ट लावू नका. तिथे धातूच धातूवर बसतो. नंतर साबणाचं पाणी लावा. अमोनिया असलेला क्लीनर नको, तो पितळ खातो. एकही बुडबुडा दिसला तर पुढे जाऊ नका.

पत्र्याच्या पेटीला चीर दिसली तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. वेल्डिंग नाही, सिमेंट नाही. त्या चिरेतून कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या जागेत येतो आणि त्याला वास नसतो. पेटी बदला किंवा फर्नेस बदला. गाडीतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मच्या मागची तारीखही आताच वाचा. त्यातला सेन्सर पाच ते सात वर्षांत संपतो, दिवा हिरवा दिसत असला तरी.

(आवाज: टिक्. पंखा. शांतता. चटचट. भक्क.)

सगळं बसवून झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून फर्नेस तीनदा पूर्ण चालू-बंद होऊ द्या. ज्योत विझल्यानंतरही ब्लोअर साधारण दोन मिनिटं फिरत राहतो. त्या वेळात वीज बंद करू नका, पेटी अजून निवत असते.