तोंड पाहून घास

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: काचेजवळ आलेला फायटर, तोंड अगदी जवळून]

या माशाचं तोंड नीट पाहा. वरच्या बाजूला वळलेलं आहे. दुकानात याला फायटर म्हणतात. मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या उथळ पाण्यात राहणारा. पाण्यावर पडलेला किडा किंवा वर आलेली डासाची अळी टिपायची, ही त्याची जेवणाची रीत.

[दृश्य: वाळू उकरणारे कोरीडोरास]

आता तळाशी या. हे कोरीडोरास. तोंड खाली, भोवती मिशा. वाळूत तोंड खुपसून अळ्या, किडे शोधणारे. वर तरंगणारा दाणा यांच्यापर्यंत पोचतच नाही, वरचे मासे तो आधीच संपवतात.

[दृश्य: एंजल आणि गप्पी]

मधल्या थरात एंजल. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला शिकारी. किडे, बारीक कवचधारी जीव, लहान मासे हे त्याचं खाद्य. शेजारी गप्पी, ज्याला डासाची अळीही हवी आणि शेवाळही हवं.

आणि या सगळ्यांसाठी टाकीच्या झाकणावर ठेवलेला दाण्यांचा डबा. एकच. वर्षभर तोच.

[दृश्य: दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेले सुटे दाणे]

चांगल्या कंपनीचे दाणे वाईट नसतात. रोजच्या खाण्याचा पाया म्हणून ते हवेतच. पण बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. आणि हवा, उष्णता, ओल यांच्यापुढे हे जीवनसत्त्व टिकत नाही. पारदर्शक पिशवीत उजेडात महिनोन्‌महिने पडलेल्या सुट्या दाण्यांत ते किती उरत असेल? म्हणून पुडा लहान घ्यावा, घट्ट बंद करून थंड जागी ठेवावा. दीर्घकाळ कमतरता राहिली की माशाचा कणा वाकतो.

[दृश्य: कणा वाकलेला मासा. निवेदन थांबते.]

[दृश्य: गॅलरीतल्या कट्ट्यावर उलटी टांगलेली बाटली, आत बुडबुडे]

ही डोंबिवलीतल्या एका घराची गॅलरी. शीतपेयाच्या बाटलीचा बूड कापून ती उलटी टांगली आहे. घरातल्या ताई यात माशांना खायला घालण्यासाठी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, उबवतात.

चिमटीतली ही तपकिरी भुकटी म्हणजे आर्टेमियाची अंडी. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून ती मोठ्या प्रमाणावर गोळा केली जातात. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं निपचित राहतात. आत जीव असतो, पण थांबलेला. खारं पाणी मिळालं की तो पुन्हा सुरू होतो.

ताईंची पद्धत साधी आहे. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं. चिमूटभर खायचा सोडा. वर अर्धा चमचा अंडी. हवेची नळी थेट तळापर्यंत, म्हणजे अंडी सतत घुसळत राहतात, खाली बसत नाहीत. बाजूला एक दिवा. आपल्याकडच्या हवेत पाणी 26 ते 28 अंशांवर राहतं, त्यामुळे वेगळी ऊब द्यावी लागत नाही. 24 तासांच्या आसपास पाण्याचा रंग केशरी होऊ लागतो.

[दृश्य: हवा बंद, बाटलीच्या तळाशी टॉर्च]

आता हवा बंद केली. दहा मिनिटं काहीच करायचं नाही. रिकामी टरफलं वर जातात. तळाशी टॉर्च धरली की पिल्लं उजेडाकडे झेपावतात. हा केशरी ढग पाहा. यातलं एकेक पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान आहे.

नळीनं ते ओढून घ्यायचं, तलम कापडातून गाळायचं, गोड्या पाण्यानं धुवायचं, म्हणजे मीठ टाकीत जात नाही. आणि लगेच खायला घालायचं. या पिल्लांच्या अंगात बलकाचा साठा असतो आणि तोच माशांच्या कामाचा. जसजसे तास जातात, तसतसं पिल्लू तो स्वतःच संपवतं.

[दृश्य: आर्टेमियावर तुटून पडलेली एंजलची पिल्लं, केशरी झालेली पोटं]

पोहायला लागलेली एंजलची पिल्लं. पोटं पाहा.

[दृश्य: मासळीबाजार, सुक्या जवळ्याची टोपली]

मोठ्या माशांसाठी उत्तर आपल्याच बाजारात आहे. सुका जवळा. माशांना लाल-केशरी रंगद्रव्य स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातून मिळतं आणि जवळा-कोळंबीत ते भरपूर असतं. रंग वाढवणाऱ्या महागड्या पुड्यांआधी ही टोपली आठवावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र घालण्याआधी जवळा भिजवून स्वच्छ धुवायचा, खारटपणा पूर्ण जायला हवा.

[दृश्य: स्वयंपाकघर, मिक्सर, थाळी]

ताई आणखी एक करतात. सोललेली ताजी कोळंबी, उकडलेले मटार, थोडा पालक मिक्सरमधून काढायचा. चायना ग्रास वेगळं उकळायचं, कोमट झालं की त्यात हे वाटण मिसळायचं. गरम असताना घातलं तर जीवनसत्त्वं मरतात. मग थाळीत पातळ ओतायचं, वडीसारखं थापून फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा नखाएवढा तुकडा.

गोल्डफिशला तर मटार मुद्दाम द्यावेत, साल काढून, चिरडून. या माशाला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. म्हणून थोडं थोडं, दोन-तीन वेळा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. आठवड्यातून एक दिवस लंघन.

[दृश्य: वाटीतला ट्यूबिफेक्सचा लालभडक गुंता]

ट्यूबिफेक्स मासे आवडीनं खातात. पण हे किडे सांडपाण्याच्या गाळातही वाढतात आणि तिथले जंतू सोबत आणतात. घेतलेच तर दिवसातून अनेकदा पाणी बदलून ते स्वच्छ करावे लागतात. डासाच्या अळ्यांसाठी गॅलरीत पाणी साठवू नका. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो.

[दृश्य: काचेला चिकटलेला सकर]

राहिला सकर. टाकी साफ करणारा म्हणून विकला जातो आणि त्याला वेगळं खाणं लागतं हे कुणी सांगतच नाही. तो माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचं शेवाळ संपलं की तो उपाशी राहतो. हा रात्री खाणारा मासा. दिवे मालवल्यावर काकडीची किंवा दुधीची चकती वजन बांधून तळाशी सोडा आणि सकाळी उरलेला तुकडा आठवणीनं बाहेर काढा.