माळवद उकरणारे चौघे

मित्रहो, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आपण भेटतो आहोत, म्हणून पश्चात्ताप आणि चंगाई यांवर मी बोलावं असं मंडळानं सुचवलं. चंगाई म्हणजे देवाकडून मिळणारं बरेपण. आमच्या उपासनेत हाच शब्द आहे.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्या घराला माळवद होतं. खाली लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातली, गालिलातल्या कफर्णहूम गावची गोष्ट आजीनं मला त्या माळवदाकडे बोट दाखवूनच सांगितली. चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणलं. दाराशी गर्दी. मग ते वर चढले, छप्पर उकरलं आणि बाज थेट येशूसमोर खाली सोडली. गालिलातली घरंही तुळया, फांद्या आणि मातीच्या छपराचीच असत. आजी म्हणायची, "खाली बसलेल्यांच्या डोक्यावर केवढी माती पडली असेल रे!"

ती माती मला आता फार महत्त्वाची वाटते. कारण चूक कबूल करायची तर आधी आपलं नीट लिंपलेलं छप्पर उकरावं लागतं, आणि घरच्यांच्या अंगावरही धूळ उडते.

येशू त्या माणसाला लगेच "ऊठ" म्हणाला नाही. आधी म्हणाला, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." बाज उचलून घरी जा, हे नंतर.

यावरून आजार म्हणजे पापाची शिक्षा, असा अर्थ कुणी काढला की मला राग येतो. रोग्याच्या उशाशी बसून "पश्चात्ताप कर, बरा होशील" असं बजावणारे मी पाहिलेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा जन्मांध कुणाच्या पापामुळे, स्वतःच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही नाकारतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंनी आसरा दिलेल्या मुली रडत रडत पापं कबूल करू लागल्या, मोठं आध्यात्मिक जागरण झालं. तरी १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. तेवढ्यानं रमाबाईंचा विश्वास खोटा ठरत नाही. आणि मिरजेत १८९४ साली इस्पितळ उघडणारे डॉ. वानलेस मिशनरीच होते. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

येशूच्या दाखल्यातल्या, बापाची मालमत्ता उडवणाऱ्या उधळ्या पुत्रावर डुकरांच्या शेंगांनी पोट भरायची पाळी येते, तेव्हा तो "शुद्धीवर आला" असं आपलं मराठी बायबल सांगतं. पश्चात्तापासाठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

मी अकरा वर्षं बेशुद्ध होतो. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाला मी नको ते बोललो आणि इकडे निघून आलो. दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणायचो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस" या क्षमेच्या ओळीशी आवाज आपोआप बारीक व्हायचा. आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं त्या रात्री फोन लावला. "दादा, चूक माझी होती. मला माफ कर." बराच वेळ पलीकडून काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "जेवलास का?"

आम्ही दोघांनी आईसाठी खूप प्रार्थना केली. ती बरी झाली नाही. तीन महिन्यांनी गेली. पण शेवटचे दहा दिवस तिच्या खाटेच्या एका बाजूला दादा बसायचा, दुसऱ्या बाजूला मी. शवपेटी उचलतानाही पुढचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता, दुसरा माझ्या.