आठवी-नववीच्या वर्गाचं हस्तलिखित

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत लेखी परीक्षेच्या 80 गुणांपैकी 24 गुण उपयोजित लेखनाला असतात. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन हे सगळं त्यात येतं. म्हणजे मुलांनी आपल्या मनानं लिहावं ही अपेक्षा अभ्यासक्रमातच आहे. तरीही आत्मकथनाचे कागद तपासायला घ्या. पुस्तकाचं मनोगत असो, नदीचं असो की पडक्या वाड्याचं, कितीतरी कागद 'होय, मीच बोलतोय' या वाक्यानं सुरू होतात. पुढचे परिच्छेदही सारखेच. ते गाईडमधून आलेले असतात आणि मुलांना तोंडपाठ असतात.

यात मुलांना दोष देऊन चालणार नाही. आपलं लिखाण एकच माणूस वाचणार, तोही लाल पेन हातात घेऊन, हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. मग ते जोखीम घेत नाही. गुण हमखास मिळतील तेवढंच लिहितं. मराठीची शिक्षिका म्हणून माझं ठाम मत झालं आहे की मुलांना लिहितं करायचं असेल तर त्यांना वाचक मिळवून द्यायला हवेत. त्यासाठी आपल्याकडे एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. शाळेचं हस्तलिखित, म्हणजे मुलांनी हातानं लिहून काढलेला अंक.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. त्या काळात त्यांनी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक चालवलं. स्वतः लिहून काढायचं आणि मुलांनी ते वाचायचं. छापखाना नाही, वर्गणी नाही. समोरची मुलं आपलं लिखाण वाचतात, एवढ्या बळावर ते चाललं.

पण हस्तलिखिताच्या आधी वाचन हवं, आणि शाळांमधलं वाचन कपाटाच्या कुलपापाशी अडतं. बहुतेक माध्यमिक शाळांत पुस्तकं आहेत. ती नोंदवहीत व्यवस्थित चढवलेली आहेत. पण पुस्तक हरवलं तर भरपाई कोणी करायची, या धास्तीनं कपाट उघडत नाही. माझी मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे, वापरून फाटलेलं पुस्तक हा शाळेचा तोटा धरू नका. आठवड्यातला एक तास कपाट उघडं ठेवा. देवघेवीची वही मुलांच्याच हाती द्या. नववीतली दोन मुलं ती वही अगदी चोख ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

त्या तासाला शिक्षकांनी एखाद्या कथेची पहिली दोन पानं मोठ्यानं वाचावीत आणि ऐन रंगात आलेली कथा तिथेच थांबवावी. पुस्तक टेबलावर ठेवून द्यावं. ते मागायला मुलं आपणहून येतात. वाचून झाल्यावर सारांश लिहून आणा, तात्पर्य सांगा, असं मात्र म्हणू नये. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यावर परत करायची मुभा असावी. आपण मोठी माणसं कितीतरी पुस्तकं अर्धवट सोडतो, मग मुलांनाच सक्ती का?

पुस्तकं कमी आहेत, ही अडचण काही ठिकाणी खरी आहे. तिथे बालभारतीचं 'किशोर' मासिक उपयोगी पडेल. ते 1971 साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. शाळेतल्या एका संगणकावर वर्गाला ते दाखवता येतील. राज्यात 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळणारी ग्रंथालयं गावोगाव आहेत, आणि अनेक ठिकाणी बालविभागही आहे. सहल महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असेल तर भिलारला अर्धा दिवस थांबा. 2017पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची दालनं आहेत, कोणीही बसून वाचावं.

आता लिहिण्याकडे येते. 'माझा आवडता ऋतू' हा विषय दिला की सगळे कागद सारखे येतात. त्याऐवजी मी वर्गाला सांगितलं, तुमच्या घरातल्या एका अवजाराबद्दल लिहा. नववीतला एक मुलगा, एरवी चार ओळींपुढे न जाणारा, त्याने फवारणीच्या पंपाबद्दल लिहिलं. घर कापसाच्या शेतीवालं. पहिल्या कागदावर एवढंच होतं की पंप पाठीवर घेतात, तो जड असतो, त्याने कीड मरते. मी चुका दाखवल्या नाहीत. कागदाच्या कडेला पेन्सिलीनं प्रश्न लिहिले. पंप पाठीवर घेतल्यावर पट्टा कुठे लागतो? बाबा घरी आल्यावर काय करतात? घरात वास येतो का?

दुसऱ्या कागदावर बाबांच्या खांद्यावरचे वळ आले. पंपाचा दांडा खालीवर करताना होणारा आवाज आला. आणि एक वाक्य आलं, 'माय म्हनते, हा शर्ट येगळाच ठेव.' औषधाचा वास लागलेला तो शर्ट ती घरातल्या बाकीच्या कपड्यांत धूत नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने ते वर्गात वाचून दाखवल्यावर मुलांनीच त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तोंडाला फडकं बांधतात का, वारा उलटा असला तर काय करतात. त्या उत्तरांतून त्याचा तिसरा कागद तयार झाला.

त्या वाक्यातलं 'म्हनते' आणि 'येगळाच' मी तसंच राहू दिलं. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, ती मी शिकवतेही. पण माय घरात जशी बोलते तशी ती कागदावर बोलली पाहिजे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरात लिहून घेतली गेली म्हणून आपल्यापर्यंत आली, आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपानं छापली गेली. त्यांतली बोली कोणी लाल पेनानं सुधारली असती तर केवढं नुकसान झालं असतं! आज अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारी मुलं आपल्या वर्गांत बसलेली आहेत. संवादात त्यांची बोली येऊ द्या.

हे ऐकणाऱ्या आजी-आजोबांनाही मला काही सांगायचं आहे. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, कोडी तुम्हाला येत असतील. नातवंडाला वही घेऊन शेजारी बसवा आणि सांगा, मुला, हे लिहून घे. हस्तलिखितातलं एक सदर तिथेच तयार होतं. शिवाय ऐकून लिहिताना वाक्य कुठे थांबतं, शब्द कसा तुटतो, याकडे मुलाचं लक्ष जातं.

ज्या शाळांना हे करून पाहायचं आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हाती घ्यावं. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रकाशन करता येईल. संपादक मंडळ मुलांचंच असावं, आणि त्यात केवळ पहिल्या नंबरची मुलं नसावीत. ज्याचं अक्षर सुंदर आहे त्याला सुलेखन द्या, जो चित्रं काढतो त्याला चित्रं. मजकूर निवडताना मुलांनी एकमेकांचं वाचावं, आणि नाकारलेल्या लेखाला कारण लिहून द्यावं, म्हणजे लिहिणारा पुन्हा प्रयत्न करील. प्रत्येक लेखाखाली पूर्ण नाव आणि इयत्ता हवीच. प्रकाशन झालं की अंक मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात ठेवू नका. तो आठवडाभर एकेका घरी जाऊ द्या, आणि मागे चार कोरी पानं जोडा, म्हणजे घरातल्यांना अभिप्राय लिहिता येईल.

मुखपृष्ठाचं चित्र मात्र सर्वांत शेवटी काढायला सांगा. मुलं हौसेनं तेच आधी रंगवतात आणि आतला मजकूर मागे पडतो. सगळे लेख हातात आले, सगळ्यांनी वाचले, की मुखपृष्ठावर काय हवं ते मुलंच ठरवतील.

नमस्कार.