गोळा द्रासपर्यंत कसा पोचला

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘महिला अधिकारी आणि पर्मनंट कमिशन’. पर्मनंट कमिशन म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सैन्यात अधिकारी राहता येणं. त्यावर बोलणारच आहे. पण आधी तुम्हाला दारूगोळ्याच्या डेपोत नेते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

नाशिककरांना तोफखाना काही नवा नाही. शेजारी देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी तिथे नोकरीला असेल. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट्स डागली. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण बोफोर्सचा एक गोळा असतो साधारण ४३ किलोचा. डेपोतून वॅगनमध्ये, जम्मूहून ट्रकमध्ये, श्रीनगर, मग झोजिला, असा तो द्रासला पोचतो. आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तो मोजून, सही करून पुढे पाठवलेला असतो. ऑर्डनन्स कोअर आणि आर्मी सर्व्हिस कोअर यांचं हे काम. डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर स्वतंत्र भारताच्या सैन्याने स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली ती १९९२ च्या योजनेत, आणि ती अशाच शाखांमध्ये. मी त्यातलीच.

जून १९९९. डेपोत रात्रीची ड्यूटी माझी. वॅगन जवळपास भरली होती आणि मी लॉट नंबर तपासत होते. तोफेचं प्रोपेलंट, म्हणजे गोळा फेकणारी दारू, लॉटने बनतं; एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट. एका लॉटचा जोर दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा असतो, म्हणून तोफखाना लॉट मिसळू देत नाही. हिशेब एका लॉटचा धरला आणि तोफेत दुसराच गेला, तर गोळा ठरल्या जागेच्या पुढे किंवा मागे पडतो. आणि कारगिलला आपलं पायदळ त्याच सुळक्यावर चढत होतं, वरच्या शत्रूपासून फार लांब नव्हतं. तर त्या वॅगनमध्ये मला मधल्या थरात दुसरा लॉट सापडला. एक चट्टा संपला म्हणून घाईत कुणीतरी शेजारच्या चट्ट्यातला माल चढवला होता.

आमचे सुभेदार साहेब सिन्नर तालुक्यातले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. ते म्हणाले, “मॅडम, तिकडं पोरं वाट बघताहेत. गाडी आज गेलीच पाहिजे.”

मी म्हणाले, “साहेब, आजच जाईल. पण खाली करून, लॉट वेगळे करून.”

ते क्षणभर गप्प राहिले. जवान दिवसभराचे थकलेले, सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे. मग ते वळले आणि ओरडले, “उतरवा रे सगळं!” आणि पहिली पेटी त्यांनी स्वतः धरली. पहाटे गाडी निघाली तेव्हा प्रत्येक लॉट आपापल्या जागी होता. साहेबांनी यादीवर माझी सही घेतली, चहा मागवला आणि पुढच्या वॅगनच्या कामाला लागले. बाईचा हुकूम मानला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. ही गोष्ट मी जिथे बोलायला जाते तिथे सांगते, आणि का सांगते ते आता ऐका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगते.

शॉर्ट सर्व्हिसवरच्या, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच घेतलेल्या, पुरुषाला पर्मनंट कमिशन मागता येत होतं, आम्हाला तशी सोयच नव्हती. आधी पाच वर्षं, मग दहा, मग चौदा, आणि घरी. पेन्शनला लागतात २० वर्षं. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सरकारी बाजूने काय मांडलं गेलं? की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले, स्त्रीचं नेतृत्व स्वीकारायची त्यांच्या मनाची तयारी नाही. मला त्या वेळी सिन्नरचे सुभेदार साहेब आठवले आणि संताप आला. हा आमचा अपमान होताच, पण त्याहून जास्त त्यांचा होता. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि कमांडचं, म्हणजे तुकडीच्या नेतृत्वाचं, दारही उघडलं. मार्च २०२१ मध्ये आणखी एक निकाल आला, कारण पंचवीस-तिशीतल्या पुरुषाला लावायचा वैद्यकीय निकष चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना लावला जात होता.

हे सगळं मिळालं ते मुख्यतः नोकरीत असलेल्यांना. कारगिलच्या वेळी राबून या निकालांआधीच बाहेर पडलेल्या माझ्यासारख्या कित्येकींना ना पेन्शन, ना पर्मनंट कमिशन. माझं मागणं एवढंच आहे की त्यांच्या सेवेची वर्षं नव्याने मोजा.

वाट मोकळी असली तर काय होतं ते वैद्यकीय शाखेत बघा. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या, आणि मग आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२३ पासून तोफखान्यातही स्त्री अधिकारी आहेत. मुलींची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था नाशकातच सुरू झाली आहे, आणि तिथल्या काही मुली आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. प्रश्न आधी त्यांनी विचारावेत, मोठ्यांनी नंतर.