साथीला कोण होतं?

(पडद्यावर अंधार. तबकडीची खरखर. गाणं संपतं आणि एक बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात.)

ऐकलंत? गाणं संपलं आणि गाणाऱ्या बाईंनी आपलं नाव पुकारलं. या गौहरजान. साल १९०२, शहर कलकत्ता.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ त्या वर्षी ध्वनिमुद्रणं करायला भारतात आला होता. इथे मेणावर उतरवलेलं गाणं बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथे त्याच्या तबकड्या निघायच्या. हे गाणं कुणाचं, हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून शेवटी नाव पुकारायची पद्धत पडली. गाणं आणि त्याची ओळख एकाच खाचेत कोरलेली. कितीही हातांतून गेलं तरी नाव सोबत.

पण त्या पुकारात सारंगीवाला नाही आणि तबलजीही नाही.

(पुण्यातलं एक घर. रविवारची सकाळ. सतरंजीवर सहा-सात माणसं, मध्ये ग्रामोफोन.)

या घरात महिन्यातून एकदा आम्ही जमतो. कुणी तबकड्या आणतं, कुणी कॅसेट, कुणी खिशात पेनड्राइव्ह घेऊन येतं. नियम एकच. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. हातानं ताल धरा, मान हलवा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद द्या, पण शब्द नको. गाणं संपलं की मात्र कुणाला आवरता येत नाही. आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: साथीला कोण होतं?

नवख्या माणसाला वाटतं, हा कसला प्रश्न? गाणं तर गायकाचं. पण ठेका कुणी धरलाय हे कळलं की बैठकीचा काळ उमगतो, कधी गावही उमगतं. सारंगी आहे की पेटी, एवढ्यावरूनसुद्धा जाणकार बरंच काही सांगून जातो.

आज तीन ध्वनिमुद्रणं ओळीनं लावायची ठरली आहेत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर. तिघंही जयपूर-अत्रौली घराण्याचे, म्हणजे गायकीच्या एकाच परंपरेतले. केसरबाई आणि मोगूबाई या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडे थेट शिकल्या. मन्सूर शिकले ते खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडे. खुद्द खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. त्यांच्याकडे शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचंही नाही. म्हणून आम्ही शिष्यांची गाणी शेजारी शेजारी ठेवून ऐकतो. तिघांत जे सारखं आहे, तानेचं ते वळण, समेवर येण्याची ती अनपेक्षित वाट, ते कदाचित खाँसाहेबांचं असेल. हे एकट्यानं जमत नाही. माझ्या कानाला जे सारखं वाटलं ते शेजारच्याला वाटलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून लावायचं.

(सुई तबकडीवर टेकते. कुणीतरी हात वर करतो: "थांबा, चढी लागलीय.")

तबकडीच्या वेगाचा हा वाद आमच्याकडे कधी मिटत नाही. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण सुरुवातीच्या काळात हा वेग सगळीकडे सारखा नव्हता. समजा, मुद्रण ७४ फेऱ्यांनी झालं आणि आज आपण तबकडी ७८ नं फिरवली. पेटीच्या पांढरी एक या पट्टीतलं गाणं तिच्या लगतच्या, वरच्या काळी एकच्या आसपास जातं. आवाज पातळ होतो, तान घाईची वाटते, आणि त्या गायकाबद्दलचं आपलं मतच चुकीचं होऊन बसतं. मग त्याच गायकाची दुसरी मुद्रणं काढायची, सूर ताडून पाहायचे, वेग जरा खाली आणायचा. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम "हां!" म्हटलं की तिथे थांबायचं. हे शास्त्र नव्हे, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यात त्या आवाजाला वजन आलेलं मी स्वतः ऐकलंय.

(रात्रीचं आकाश.)

केसरबाईंचं एक ध्वनिमुद्रण आपल्या सगळ्यांपासून फार लांब आहे. 'जात कहाँ हो', राग भैरवी, साडेतीन मिनिटं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज घेऊन एक सोनेरी तबकडी पाठवायची ठरली, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं हे गाणं सुचवलं. त्यानं ते आधी मन लावून ऐकलं होतं, म्हणून दुसऱ्याला सांगितलं. आमच्या सतरंजीवर घडतं तेच. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघालं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचं नाव त्या तबकडीच्या यादीत आहे. साथीदारांचं नाही.

(कपाट उघडतं. कॅसेटच्या रांगा.)

घराघरांत हा खजिना भरला तो कॅसेटमुळे. त्याआधी स्पूलचं यंत्र फार थोड्यांकडे असायचं. कॅसेट आली आणि शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की कितीतरी घरांत मुद्रणाचं लाल बटण दाबलं जाऊ लागलं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. ख्याल रंगात आलेला असताना खटकन बटण वर यायचं आणि बाजू पालटेपर्यंत तालाचं एक अख्खं आवर्तन निसटायचं. आमच्या पिढीला काही गाणी त्या खंडासकटच पाठ आहेत.

मग एकाची कॅसेट दुसऱ्यानं न्यायची, तिच्यावरून तिसऱ्यानं उतरवून घ्यायची. प्रत्येक प्रतीला खरखर थोडी वाढायची. आणि कॅसेटच्या डबीतल्या कार्डावरचा मजकूर कमी व्हायचा. पहिल्या कार्डावर तारीख, गाव, राग, साथ सगळं असे. चौथ्यावर नुसता राग उरे. आज फोनवर येणाऱ्या फाइलला तर तेवढंही नसतं.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. फाइल पुढे पाठवायला क्षण लागतो, ओळखीच्या दोन ओळी लिहायला दोन मिनिटं. ती दोन मिनिटं आपण का देत नाही?

देणारी माणसं आहेत. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. तिनं तबकड्या ऐकण्याच्या बैठका भरवल्या, माहितीचं नियतकालिक काढलं. उलट, संग्रह कुलपात ठेवणारेही मी पाहिलेत. "ऐकवीन, पण देणार नाही." त्यांची भीती मला कळते, कारण दिलेली कॅसेट परत न येणं सगळ्यांनीच सोसलंय. पण मुंबईच्या पावसात कुलपातल्या फितीलाही बुरशी लागते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतात ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्यावर साठ वर्षं त्यावर कॉपीराइट असतो. खाजगी बैठकीच्या मुद्रणाचा तर विचार आणखी जपून करावा. गायकाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते जगभर करू नये, विकू तर नयेच. आम्ही ती खोलीतच ऐकतो.

(एका कॅसेटचं पिवळं पडलेलं कार्ड. निळ्या शाईतलं अक्षर.)

हे कार्ड माझ्या वडिलांचं. त्यावर एवढंच लिहिलंय: "भूप. वि. व द्रुत. पाऊस." भूप हा राग, वि. म्हणजे विलंबित, संथ लयीतलं, आणि द्रुत म्हणजे जलद. गायकाचं नाव नाही. वडिलांना ते पाठ होतं, लिहायची गरज वाटली नसावी. आणि विचारायचं सुचलं तेव्हा ते नव्हते.

ही कॅसेट मी बैठकीत नेली. विलंबित संपता संपता कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "अहो, हा भूप नाही. शुद्ध कल्याण आहे." मी जरा दुखावलो. वडिलांचं अक्षर चुकलं म्हणतायत! पण त्यांनी फीत मागे घ्यायला लावली. वरच्या षड्जावरून (सा) धैवतावर (ध) येताना मींडेत, म्हणजे सूर न तोडता घसरत येताना, निषादाला (नी) पुसटसा स्पर्श होतो. भुपात निषाद नाहीच. पाच वेळा ऐकलं. सहाव्यांदा मलाही लागला.

वडिलांचं अक्षर मी खोडलं नाही. खाली पेन्सिलीनं लिहिलं: "शुद्ध कल्याण?" आणि त्या दिवसाची तारीख. गायक कोण, यावर खोलीत दोन तट पडलेत. खुल्या 'आ'कारामुळे निम्मे ग्वाल्हेर घराण्याचा म्हणतात. स्वर एकेक करून उलगडतोय म्हणून बाकीचे किराणा घराण्याचा.

तबलजी कोण, हे मात्र अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. फार संयमानं ठेका धरलाय त्यांनी.

गायकाचं नाव कळलं असतं तर परवानगी मागितली असती. ते कळत नाही, म्हणून गाणं नाही, गाण्याआधीचं अर्धं मिनिट फक्त ऐकवतो. तानपुरा जुळतोय, आणि तबलजी हातोडीनं तबला मिळवतायत. थाप नीट ऐका.

(पडदा काळा. पत्र्यावर पाऊस. तानपुरा. हातोडीचा एक ठोका, मग थाप.)