दोरीवरचं दोन लिटर पाणी

(सुरुवातीला नुसता आवाज. मशीन थांबतं, दाराचा खटका.)

आत्ताच मशीन थांबलंय. आतले कपडे हाताला तसे बरे लागतायत, म्हणजे दाबून पिळले तरी थेंब पडणार नाही इतपत. आता हे सगळे टबात काढायचे आणि टब सरळ वजनकाट्यावर. हेच कपडे धुवायच्या आधी आम्ही मोजून ठेवले होते, टबाचं वजन सोडून ३ किलो ८०० ग्रॅम भरले होते. आता बघा काटा कुठे जातो... ६ किलो ३००. परत तेच, टब सोडून. थेंबसुद्धा न गळणाऱ्या या कपड्यांमध्ये अडीच लिटर पाणी बसलंय.

(फरशीवर पाच बाटल्या.)

अडीच लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या या पाच बाटल्या. कोणी तुम्हाला म्हणालं की या पाचही बाटल्या बेडरूममध्ये ओता, खिडक्या लावा आणि झोपा, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल ना? मग कपडे खोलीत वाळत घालून, खिडकी लावून आपण दुसरं काय करतो, तेच की, फक्त ते रात्रभर हळूहळू होतं आणि दिसत नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही.

(कपाट सरकवतायत. मागची भिंत, ओल आणि बुरशीचे काळे डाग. इथे थोडा वेळ काही बोलायचं नाही.)

हे आमच्याच घरातलं कपाट. मागे काय चाललंय ते सरकवेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. आणि हे बघितल्यावर घरात पहिलं वाक्य आलं ते म्हणजे लीकेज आहे, वरच्यांच्या बाथरूमचं असणार. मग वरच्यांशी बोलणं, प्लंबर, मग तो हातोडी घेऊन प्लास्टर वाजवून बघतोय, एका ठिकाणी त्यानं फोडूनही बघितलं, शेवटी कळलं की या भिंतीतून पाइप जातच नाही. वरच्यांची माफी मागितली ते शूट केलेलं नाही, ते राहू द्या.

प्लंबर बोलवायच्या आधी जे करायला हवं होतं ते हे. जेवणाच्या डब्याला गुंडाळतो तो साधा फॉइल, त्याचा वीतभर तुकडा घ्यायचा, भिंत तेवढ्यापुरती पुसून कोरडी करायची आणि फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावायचा, हवा आत जायला फट राहता कामा नये. एकदोन दिवस सोडून द्यायचा. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, मग खुशाल प्लंबर बोलवा. पण पाणी पुढच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती ओल खोलीतल्या हवेतून येतेय. कॅमेरा जवळ नेतो, बघा, बारीक बारीक थेंब आहेत आणि पुढच्या बाजूला आहेत. मागची बाजू कोरडी ठणठणीत.

गार पाण्याचा ग्लास बाहेरून घामेजतो ना, तोच प्रकार. हवेतली वाफ जिथे गार पृष्ठभाग भेटेल तिथे पाणी होऊन बसते आणि खोलीत सगळ्यात गार जागा कुठल्या, तर बाहेरच्या बाजूची भिंत, तिचे कोपरे, खिडकीच्या काचा, आणि कपाटामागची फट, कारण तिथे खोलीतली ऊबही पोचत नाही आणि वारंही फिरत नाही. म्हणून दोरी या टोकाला आणि काळे डाग त्या टोकाला, त्यामुळे दोरीवर कोणाचा संशयच जात नाही.

(पाटीवर खडूनं आकडे.)

थोडा हिशोब करू, कंटाळा येईल पण दोनच मिनिटं. ही खोली ३ मीटर बाय ४ मीटर, उंची पावणेतीन, म्हणजे ३३ घनमीटर हवा. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या खोलीत साधारण ७६० ग्रॅम. पण हवा कधी रिकामी नसते, आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातले साडेचारशे ग्रॅम आधीच भरलेत. उरली जागा ३०० ग्रॅमची. आणि दोरीवर किती आहे, अडीच हजार ग्रॅम! म्हणजे खोलीतली सगळीच्या सगळी हवा आठ वेळा बदलली तर कपडे वाळणार, तेही दर वेळी हवा काठोकाठ भरून बाहेर गेली तर. बंद खोलीत ती जाणार कुठे, मग भिंतीत, गादीत, पडद्यात, कपाटातल्या कोरड्या कपड्यांत मुरते.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. तेच ओले कपडे परत मशीनमध्ये टाकले, नुसतं स्पिन लावलं, पाणी नाही, पावडर नाही, काही नाही. पहिलं स्पिन ८०० आरपीएमवर, म्हणजे ड्रमच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांवर झालं होतं कारण मशीन तसंच सेट केलेलं होतं आणि कोणी बटणाला हात लावला नव्हता, आता १२००. ड्रम फिरताना बघा आणि ही ड्रेनची नळी बघा, आपल्याला कोरडे वाटलेल्या कपड्यांतून पाणी येतंय, आधी धार, मग ठिबक ठिबक. सात मिनिटं लागली. परत काट्यावर, ५ किलो ८००. अर्धा लिटर गेलं, आणि गटारात गेलं, घरात नाही.

हे मी सगळ्यांना सांगत फिरतो आणि लोक म्हणतात वीज जाते. अहो, एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या जरा खाली ऊर्जा लागते, ती कुठून तरी येतेच, हीटरमधून येते नाहीतर खोलीच्या उबेतून येते, त्यामानाने स्पिनच्या सात मिनिटांना जाते ती किरकोळ. ड्रममधून पाणी काढणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. नाजूक कपडे, लोकरीचे वगैरे, त्यांना नका लावू एवढा जोर. ते जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पुष्कळ पाणी टॉवेल ओढून घेतो. हातानं धुणाऱ्यांनी आधी बाथरूममध्ये पूर्ण निथळू द्यावं आणि मगच दोरीवर.

(दोन स्टँड शेजारी शेजारी, वेग वाढवलेलं चित्रण. भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं.)

डावीकडे जसं आपण नेहमी घालतो तसं, शर्टावर शर्ट, जीन्सची घडी दांडीवर. उजवीकडे तेवढेच कपडे पण मध्ये चार बोटं जागा, शर्ट हँगरला, जीन्स उलटी करून कमरेचा पट्टा उघडा, आणि समोर एक टेबलफॅन, मध्यम वेगावर. उजवीकडचे साडेपाच तासांत झाले. डावीकडचे दुसऱ्या दिवशी सकाळीही कॉलर ओली.

यात जादू नाही काही. ओल्या कपड्याला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, तो लगेच वाफेनं भरतो आणि तिथेच बसून राहतो, पंखा त्याला उठवतो. म्हणून वारा कपड्यांच्या मधून गेला पाहिजे, छताच्या पंख्याखाली स्टँड ठेवला तरी चालेल पण कपडे गच्च असतील तर वारं नुसतं वरून निघून जातं. हीटरचं मात्र वेगळं. हीटर लावून खोली बंद केली की कपडे वाळतात हो, झटपट वाळतात, पण वाफ सगळी आतच, आणि हीटर बंद झाला की रात्री तीच वाफ भिंतीवर. हीटरवरच कपडे टाकून ठेवणं तर आगीला आमंत्रण. धुराडं नसलेला गॅसचा हीटर असेल तर गॅस जळतानाच पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे आणखी भर, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

(खिडकीला लावलेली टिश्यूची पट्टी.)

पंखा वाफ कपड्यातून सोडवतो, घराबाहेर नेत नाही. त्यासाठी ही पट्टी. एक खिडकी उघडली, पट्टी नुसती लोंबतेय. समोरची खिडकी चार बोटं उघडली, आता बघा कशी ओढली जातेय. एका खिडकीनं हवा फारशी हलत नाही, वाट दोन्हीकडून पाहिजे. समोरासमोर खिडक्या नसतील तर बाथरूममध्ये दांडी लावा, एक्झॉस्ट फॅन चालू, दार लावून घ्या, दाराखाली फट हवी म्हणजे फॅनला हवा मिळेल. दार लावायचं हे महत्त्वाचं, नाहीतर ओलावा घरभर फिरतो आणि जी खोली गार असेल तिथे जाऊन बसतो.

बाहेर पाऊस असताना खिडकी उघडायची का, हा प्रश्न हमखास येतो. गारठा असेल तर बिनधास्त उघडा. ५ अंशाच्या हवेत घनमीटरला ७ ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही, ती आत येऊन २० अंशाला तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते, बाहेर धो धो पडत असला तरी. पण बाहेर उबदार आणि दमट असेल तर आत येणारी हवाच भरलेली असते, खिडकी उघडी ठेवून एवढंच होतं की आत साठत नाही, वाळायचं काम रखडतंच. तिथे मग एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमवणारं यंत्र, आणि तो चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर अख्ख्या गावाची हवा कोरडी करत बसाल.

(डीह्युमिडिफायरची टाकी मापाच्या जगमध्ये रिकामी करताना.)

हे मला फार आवडलेलं दृश्य आहे म्हणून जरा लांब ठेवलंय. हे सगळं पाणी खोलीच्या हवेतून काढलेलं. जग भरत चाललाय बघा.

आता हा टॉवेल. धुतलेला आहे, वाळलेला आहे, तरी तोंड पुसलं की कुबट वास. साबण कमी पडला म्हणून लोक पावडर वाढवतात आणि उलटं होतं, न निघालेला साबण धाग्यात राहतो आणि जंतूंना खायला मिळतं. जपानमध्ये घरात कपडे वाळवणं सर्रास, तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या वासाचा माग काढला तर मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू सापडला, कपडा वाळला तरी तग धरून राहणारा, ओल मिळाली की परत कामाला लागणारा. कपडा जितका वेळ ओला तितका त्याचा फायदा. कपड्याला चालत असेल तर ६० अंशाच्या पाण्यात एकदा धुवून काढा, आणि मशीनमध्ये झालेले कपडे तासन् तास तसेच ठेवू नका, आम्हीही ठेवतो, पण नका ठेवू.

तब्येतीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच सांगून ठेवलंय की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा आणि श्वसनाचा त्रास जास्त दिसतो, घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर ॲस्परजिलससारख्या बुरशीचे कण फुप्फुसात जाणं गंभीर ठरू शकतं, धुळीतल्या माइट्सनाही, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांनाही, दमट हवाच लागते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, छोटं आर्द्रतामापक मिळतं ते खोलीत असू द्या.

(मास्क, ओलं फडकं, भिंत पुसताना.)

भिंत साफ करताना कोरड्या ब्रशनं खरवडू नका, कण सगळे हवेत उडतात. मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं, आणि नंतर ती जागा पंख्यानं वाळवायची. ब्लीच वापरलं तर ते दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे आणि तसंच राहणार, दिसायला बरं दिसत नाही पण असू दे.

(पुन्हा वजनकाटा.)

वाळलेले कपडे परत टबात. सकाळी ३ किलो ८०० होते, आता ३ किलो ८४०. हे ४० ग्रॅम कुठे राहिले म्हणून एकेक कपडा चाचपला, शर्ट झाले, टॉवेल झाले, चादर झाली. सापडले. जीन्सच्या मागच्या खिशात. खिसे बाहेर ओढून परत पंख्यासमोर लावलीय.