कुंपण दातांसाठी बांधलं, आला तो हात

(कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या मराठी कुटुंबांच्या एका वसंत मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी मी परसात गेलो, तर खुराड्याचं दार सताड उघडं. आदल्या रात्री ते मीच लावलं होतं, कडी सरकवली होती. चारपैकी तीन कोंबड्या मरून पडल्या होत्या. दोघींना मुंडकी नव्हती. तिसरीची दाणे साठवणारी गळ्याची पिशवी तेवढी खाल्लेली, बाकी अंग तसंच. चौथी सगळ्यात वरच्या दांडीवर अंग चोरून बसली होती. पुढे पंधरा दिवस तिनं अंडं घातलं नाही. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं एवढंच विचारलं, ‘‘बाबा, तू कडी घातली होतीस ना?’’

घातली होती. म्हणून तर मला तो प्रश्न इतका लागला.

माझं लहानपण चिपळूणजवळच्या खेड्यात गेलं. तिन्हीसांजेला कोंबड्या डालायचं काम आम्हा मुलांकडे असायचं. कोंबड्या दिवेलागणीला आपल्या पायांनी परत येतात, त्यांना आत ढकलायचं, डालग्यावर जड धोंडा ठेवायचा, की रात्रीची चिंता मिटली. तिथले वैरी कोण? मुंगूस, रानमांजर, कोल्हा. हे सगळे दातांनी, नखांनी काम करणारे. फटीतून घुसतील, माती उकरतील, पण कडी सरकवणार नाहीत. कोंबडी राखायची माझी सगळी समज त्या प्राण्यांवर घडलेली होती, आणि तीच मी इथे, टोरांटोच्या पश्चिमेला तासाभरावर असलेल्या घराच्या परसात वापरली.

इथला वैरी मात्र निघाला रॅकून, मांजराहून मोठा, रात्री हिंडणारा रानटी प्राणी. त्याचं नावच हातावरून पडलंय. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या पॉव्हॅटन या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला तो शब्द, त्याचा अर्थ हातांनी खरवडणारा. त्याच्या पुढच्या पंजाला पाच सुटी, लांब बोटं असतात. माणसासारखा अंगठा नसतो, पण दोन पंजांत धरून तो वस्तू फिरवतो, ओढतो, उचकटतो. त्याच्या मेंदूत स्पर्शाची जाण ठेवणारा भाग फार मोठा असतो. पाण्यात हात बुडवून तो खाणं चाचपतो, ते धुण्यासाठी नव्हे. ओल्या कातडीला स्पर्श अधिक नीट कळतो. अंधारात त्याला कडी दिसायची गरजच नसते. ती त्याच्या बोटांना कळते.

१९०७ साली एच. बी. डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं रॅकूनपुढे तेरा प्रकारच्या कुलूपकड्या ठेवल्या होत्या. त्यातल्या अकरा रॅकूननी दहापेक्षा कमी प्रयत्नांत उघडल्या, आणि कड्यांची जागा बदलली, उलट्या लावल्या, तरी उघडल्या. हे मला कोंबड्या आणण्याआधी ठाऊक असतं तर! टोरांटोकरांना तर वेगळं सांगायला नको. २०१६ पासून महापालिकेनं ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे वाटले, फिरवायच्या मुठीचे, खास रॅकूनना उघडता येऊ नयेत म्हणून बनवलेले. बहुतेक रॅकून त्यापुढे हरले. पण दोनेक वर्षांतच डबा आडवा पाडून मूठ फिरवणाऱ्या काहींची चित्रणंही समोर आली. यॉर्क विद्यापीठाच्या सुझन मॅकडोनाल्ड यांनी शहरातल्या आणि रानातल्या रॅकूनची तुलना केली आहे. झाकण बांधलेल्या डब्यापुढे रानातले लवकर माघार घेतात, शहरातले खटपट करत राहतात. म्हणजे आपल्याच वस्तीनं, आपल्याच डब्यांनी त्यांना हे शिक्षण दिलंय.

त्या सकाळी मात्र मला यातलं काही सुचत नव्हतं. मला राग आला होता. आजूबाजूच्या मंडळींनी सल्ला दिला, पिंजरा लाव, पकड, आणि गाडीत घालून दूर जंगलात सोडून ये. मारायचं नाही, म्हणजे पापही नाही. मी पिंजरा आणलासुद्धा. हे मी आज मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हाच उपाय असणार आणि तो दयेचा आहे असंच तुम्हाला वाटत असणार.

तो दयेचा नाही. ओंटारिओत तो कायद्यातही बसत नाही. पकडलेला वन्यप्राणी चोवीस तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. त्यामागे कारण आहे. अनोळखी मुलखात त्याला ना बिळं ठाऊक, ना पाणी, आणि तिथे आधीचे रॅकून असतातच. रोगही त्याच्यासोबत प्रवास करतो. २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टनमध्ये रॅकूनचा रेबीज सापडला, त्याआधी कित्येक वर्षं प्रांतात तो नव्हता. तेव्हापासून लस भरलेली आमिषं टाकून तो आटोक्यात ठेवण्याचा खटाटोप चालू आहे. इतकं करूनही, तुमच्या परसात अन्न असेल तर रिकामी झालेली जागा शेजारचा दुसरा रॅकून भरून काढतोच.

आणि मे महिना. इथे रॅकूनची पिल्लं साधारण एप्रिल-मेमध्ये होतात, तीन ते पाच, डोळे मिटलेली. वाढवण्याचं काम आई एकटी करते. त्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त भूक असते, म्हणूनच ती धोका पत्करून वस्तीत शिरते. पिंजरा लावायच्या आदल्या रात्री मी टॉर्च घेऊन अवजारांच्या शेडमागे गेलो, तर फळ्यांखालून बारीक किरकिर ऐकू आली, पक्ष्यांच्या पिल्लांसारखी. मी ती मादी पकडून नेली असती तर ती पिल्लं तिथेच, माझ्या शेडखाली, भुकेनं मेली असती. दुसऱ्या दिवशी पिंजरा परत केला. शेडच्या त्या बाजूला जाणं बंद केलं. पिल्लं मोठी होऊन आईमागे बाहेर पडू लागल्यावर, रात्री कुणी आत नाही याची खात्री करून, शेडखालची फट जाळीनं बंद केली.

मग खुराडं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच ठरतं.

दुकानात ‘चिकन वायर’ म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नाही. रॅकून ती फाडतो. फाडली नाही तरी भोकातून हात घालतो, जाळीला टेकून झोपलेली कोंबडी धरतो आणि जेवढी ओढता येईल तेवढी ओढतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी घ्या, इथे तिला ‘हार्डवेअर क्लॉथ’ म्हणतात. महाग आहे, पण एकदाच घ्यायची आहे. ती ठोकायला स्टेपलर वापरू नका. माझी स्टेपलनं ठोकलेली जाळी एका कोपऱ्यातून सोललेली मला दिसली होती. रुंद वॉशर घालून स्क्रूनं आवळा. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांनाही तीच जाळी हवी. आणि वरून छप्पर हवंच. रॅकून उत्तम चढतो, मागचे पाय उलटे फिरवून डोकं खाली करून झाडावरून उतरतो.

जमिनीखाली खोल चर खणायची गरज नाही. जाळी भिंतीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर फूट-दीड फूट पसरा, खिळ्यांनी दाबा, वर माती किंवा गवत. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरतो, त्याच्या पंजाखाली जाळी येते आणि तो नाद सोडतो. हे कोल्ह्यालाही लागू पडतं.

आता कडी. सरकवायची कडी, आकडा-कोयंडा, फिरवायची खुंटी, हे सगळं एका हालचालीत उघडतं, आणि एक हालचाल रॅकूनला जमते. दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागतील असं काहीतरी हवं. कोयंड्यात गिर्यारोहकांचा स्क्रूवाला कॅराबिनर, म्हणजे फिरवून बंद करायची धातूची कडी, अडकवा, किंवा सरळ कुलूप लावा. अंडी काढायच्या छोट्या दारालाही. तेच दार सगळे विसरतात.

आणि रोज ते दार लावणारं कुणीतरी हवं. जून महिन्यात इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. एखाद्या दिवशी जेवणाचं आमंत्रण, परतायला उशीर, आणि नेमकी ती रात्र. मी प्रकाशावर चालणारं स्वयंचलित दार बसवलं. उजेड पुरता गेल्यावर ते मिटतं, तोवर कोंबड्या दांडीवर गेलेल्या असतात. तरीही झोपण्याआधी मी एकदा जाऊन बघतो, मोजतो. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती बसल्या जागेवरून हलत नाही. तिच्या बाजूनं त्या वेळी फक्त आपण असतो.

दिवे, रेडिओ, चमकत्या पट्ट्या यांबद्दल फार बोलत नाही. नवं असेपर्यंत चालतात, मग सवय होते. हालचालीवर उडणारा पाण्याचा फवारा त्यातल्या त्यात बरा. पण एका गोष्टीसाठी हात जोडून विनंती आहे. आपल्या घरांत कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या असतात, आणि त्या खुराड्याभोवती टाका असं कुणीतरी सांगतं. टाकू नका. त्या विषारी आहेत, कोंबड्या टोचतील, लहान मुलं उचलतील.

खरा फरक पडतो तो अन्नानं. दाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवायचं नाही. पोतं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. अंडी संध्याकाळपूर्वी उचलायची. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, झाडाखाली पडलेली सफरचंदं, मांजरीची बशी, सगळं आवरायचं.

ज्यांच्याकडे जागा मोठी आहे, त्यांनी विजेच्या कुंपणाचा विचार करावा. एक तार जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरी बारा इंचांवर. झटका बसतो, इजा होत नाही, आणि रॅकून तो नाकानं किंवा हातानं घेतो म्हणून लक्षात ठेवतो. गवत तारेला टेकू देऊ नका. बर्फात मात्र त्या तारा गाडल्या जातात, तेव्हा भिस्त भिंतीवरच.

आणखी एक, आईवडिलांसाठी. रॅकून ठरावीक जागी विष्ठा करतात, बहुधा झाडाच्या बुंध्याशी, ओंडक्यावर किंवा छपरावर. तिच्यात गोल कृमींची अंडी असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत त्रास देऊ शकतात. अशी जागा दिसली तर मुलांना दूर ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला, कोरडी झाडू नका, ओली करून उचला, वर उकळतं पाणी ओता.

टोरांटोत २०१८ मध्ये परसातल्या कोंबड्यांचा पथदर्शी प्रकल्प निघाला, चार कोंबड्या, कोंबडा नाही. तो आता संपलाय. तेव्हा कोंबड्या आणण्याआधी आपापल्या नगरपालिकेत चौकशी करा. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी आज रात्री एक करून बघा. खुराड्यापाशी जा, डोळे मिटा, एक हात पाठीमागे ठेवा आणि दुसऱ्या हातानं, घाई न करता, नुसतं चाचपत कडी उघडायचा प्रयत्न करा. माझी जुनी कडी मी अशी उघडून पाहिली होती. श्वास तीनदा घेऊन होण्याआधी ती सुटली. मुलगी शेजारी उभी होती. तिनं मग तेच करून पाहिलं, तिच्या हातूनही सुटली. दुसऱ्या दिवशी दुकानात नवी कडी तिनं निवडली, डोळे मिटून.